तुराट्या, धूर आणि देकार्त : प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

विद्यार्थिनी आणि विषय

या प्रकरणातली विद्यार्थिनी बी.एस्सी. प्रथम वर्षाची, मुख्य विषय रसायनशास्त्र. मराठवाड्यातल्या एका लहान गावातून शहरात आलेली, वसतिगृहात राहणारी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी सायन्स असल्यामुळे इंग्रजी. तिला विचारूनच हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

तत्त्वज्ञान तिने निवडलं असं म्हणता येणार नाही, ते तिच्या वाट्याला आलं. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं आणि प्रथम वर्षाच्या मुलांना दुसऱ्या विद्याशाखेतला एक ‘ओपन इलेक्टिव्ह’ घेणं आलं. तिला मानसशास्त्र हवं होतं, पण त्याच्या जागा पहिल्याच दिवशी भरल्या. वसतिगृहातल्या एका सीनियर मुलीने सल्ला दिला, “फिलॉसॉफी घे. पोर्शन कमी, लेक्चर सकाळी, प्रॅक्टिकलच्या आड येत नाही, आणि यूपीएससीला पण चालतं.” शेवटच्या मुद्द्यात तथ्य आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहेच, शिवाय २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. माझ्या वर्गातली बरीच मुलं या एवढ्या भांडवलावर आलेली असतात. त्यात मला काही वावगं वाटत नाही. मानसशास्त्राच्या जागा शिल्लक असत्या तर हे प्रकरण घडलंच नसतं.

विषय दोन क्रेडिटचा, म्हणजे तीस तासांचा. एवढ्या वेळात थेल्सपासून सार्त्रपर्यंत नावांची उजळणी होऊ शकते, शिकवणं होत नाही. म्हणून मी तीनच गोष्टी घेतो: फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचा संशय, न्यायदर्शनातलं (भारतीय तर्कपरंपरेतलं) अनुमान आणि त्यावर चार्वाकांनी, म्हणजे फक्त प्रत्यक्ष दिसेल तेच मानणाऱ्यांनी, घेतलेला आक्षेप, शेवटी थोडं नीतिशास्त्र.

पहिली चाचणी

सुरुवातीला ती पहिल्या बाकावर बसून सगळं उतरवून घ्यायची. मी प्रश्न टाकून थांबलो की तिचं पेनही थांबायचं. कुणी उत्तर द्यायला लागलं तरी ते थांबलेलंच. मी बोलायला लागलो की पुन्हा सुरू. एकदा तास संपल्यावर म्हणाली, “सर, पॉइंट करून दिले तर बरं पडेल.”

चाचणीचा प्रश्न नेहमीचाच होता: ‘देकार्तच्या संशयपद्धतीचा परिचय करून द्या व तिची चिकित्सा करा.’ दहा गुण. तिने साडेतीन पानं लिहिली. जन्म १५९६, मृत्यू १६५० स्टॉकहोम इथे, ‘आधुनिक तत्त्वज्ञानाचा जनक’ ही पदवी, ‘चिंतने’ १६४१ साली प्रसिद्ध. मग ठळक अक्षरांत ‘गुण’, ‘दोष’ आणि ‘समारोप’. दोषांत चार मुद्दे. समारोपाचं वाक्य असं: “थोडक्यात, देकार्त हा थोर तत्त्वज्ञ होता व त्याचे विचार आजही मार्गदर्शक आहेत.” त्याच्या वरच्याच परिच्छेदात तिने लिहिलं होतं की देकार्तची पद्धत अव्यवहार्य आहे. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी कशी नांदतात, हा प्रश्न तिला पडला नव्हता, कारण दोन्ही वाक्यं तिची नव्हती.

एकही माहिती चुकलेली नव्हती. मी चार गुण दिले.

दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली. तक्रारीचा सूर नव्हता, खरंच कोड्यात पडलेली होती. “सर, कुठला मुद्दा राहिला?” बारावीपर्यंतच्या हिशोबाने हा बिनतोड प्रश्न होता. मुद्दे असतात, प्रत्येक मुद्द्याला गुण असतात, गुण कमी पडले म्हणजे मुद्दा राहिला. मी म्हटलं, एकही राहिला नाही. मग समासात जे लिहिलं होतं तेच तोंडी विचारलं: देकार्त स्वप्नाचा दाखला देतो तो कशासाठी?

“आपण स्वप्नात असू शकतो म्हणून.”

“बरं. असू शकतो. पुढे काय?”

ती गप्प. स्वप्नाची गोष्ट तिला तोंडपाठ होती. ती गोष्ट तिथे काय काम करते आहे, हे विचारायचं असतं याची कल्पना नव्हती.

आम्ही ‘पहिलं चिंतन’ उघडून बसलो. देकार्तचा संशय पायऱ्यापायऱ्यांनी वर चढतो. इंद्रियं कधीकधी फसवतात, तर त्यांच्यावर पूर्ण भरवसा नको, ही पहिली पायरी. पण ती फार दूर नेत नाही: लांबची बारीक वस्तू चुकीची दिसेल, हातातला कागद कसा चुकेल? म्हणून स्वप्न. स्वप्नातही हातात कागद असतोच. आता समोरचा कागद, शेकोटी, स्वतःचे हात हे सगळं धोक्यात आलं. तरी एक गोष्ट वाचते: स्वप्नातही दोन आणि तीन मिळून पाचच होतात, चौकोनाला चारच बाजू असतात. तीही धोक्यात आणायला देकार्त तिसरा डाव टाकतो, सर्वशक्तिमान फसवणाऱ्या सैतानाचा. प्रत्येक दाखला आधीच्या दाखल्यातून सुटलेलं काहीतरी पकडायला आलेला आहे.

तिने वहीत तीन रकाने पाडले: दाखला, काय पडलं, काय उरलं. प्रयोगवहीत निरीक्षणांचा तक्ता करतात तसा. हे तिचं तिने केलं, आणि या प्रकरणातली पहिली कामाची घटना मी हीच मानतो.

इथे थोडं विषयांतर करतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना तत्त्वज्ञान जड जातं याचं खापर आपण दोन गोष्टींवर फोडतो: भाषा अवघड आणि विषय अमूर्त. मला दोन्ही पटत नाही. रसायनशास्त्रातली कक्षकं (ऑर्बिटल्स) काही कमी अमूर्त नाहीत, ती या मुलीला छान येत होती. मुलांना मत नसतं असंही नाही. चहाच्या टपरीवर ऐका. अडतं ते वेगळीकडे. ‘चिकित्सा करा’ या दोन शब्दांचा अर्थ गाइडने ठरवून दिलेला आहे: चार दोष पाठ करा. म्हणजे विरोध करायचा तोही पाठ केलेला. ज्या विषयात थोरामोठ्यांशी वाद घालणं हाच अभ्यास आहे, त्यात मुलं वादसुद्धा उतरवून घेतात. त्यांना आणखी आत्मविश्वास द्या, ‘मोकळेपणाने बोला’ म्हणा, याने हे सुटत नाही. मोकळेपणाने बोलायला लावलं की मुलं मोकळेपणाने मतं सांगतात आणि तास मजेत जातो, एवढंच होतं.

तुराट्यांचा प्रश्न

सत्राच्या मध्यावर न्यायदर्शन सुरू झालं. फळ्यावर पंचावयवी वाक्य लिहिलं, जे शतकानुशतकं लिहिलं जातंय: पर्वतावर विस्तव आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हा पर्वतही तसाच धूर असलेला, हा उपनय. म्हणून पर्वतावर विस्तव आहे, हे निगमन. मग व्याप्ती म्हणजे काय हे सांगायला घेतलं: धूर आणि विस्तव यांचा कधीही न चुकणारा संबंध.

तिचा हात वर गेला. आजवर तिने फक्त ‘स्पेलिंग काय’ हे विचारायला हात वर केला होता.

“सर, आमच्याकडे चुलीत तुराट्या घालतात. चांगल्या वाळलेल्या असल्या की धूर होतच नाही. विस्तव असतो, धूर नसतो.”

वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी चूल आहे किंवा होती. मागच्या बाकावरून दुजोरा आला: पऱ्हाट्यांचंही तसंच, गोवऱ्या मात्र धूर काढतात. शहरातल्या दोन मुलांना तुराट्या म्हणजे काय ते सांगावं लागलं: तूर झोडून झाल्यावर उरणारी काटकं. एक जण निकाल देऊन मोकळा झाला, “मग चुकलंच की न्यायवाल्यांचं.”

तो आनंदात होता, ती नव्हती. फळ्याकडे बघत राहिली. मी तिला खडू दिला आणि तिचं म्हणणं फळ्यावरच्या वाक्याखाली तशाच साच्यात लिहायला सांगितलं. तिने लिहिलं: ‘जिथे विस्तव तिथे धूर, हे खोटं.’ वरचं वाक्य होतं ‘जिथे धूर तिथे विस्तव’. थोडा वेळ दोन्ही वाक्यांवरून तिची नजर फिरली, आणि मग मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, “नाही सर. हे उलटं आहे. माझ्या तुराट्या वरच्या वाक्याला लागतच नाहीत.”

वरचं वाक्य पाडायचं तर काय दाखवावं लागेल? धूर आहे आणि विस्तव नाही, असं एक ठिकाण. यावर मुलं तुटून पडली. सकाळचं धुकं. पालिकेची डासांची फवारणी. लग्नाच्या स्टेजवर सोडतात ते ढग. प्रत्येकाचं काय करायचं ते मुलांनीच ठरवलं. धुकं हा धूरच नव्हे, तेव्हा तिथे मुळात हेतूच सिद्ध होत नाही. नैयायिकांकडे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांकडे, यासाठी ‘असिद्ध’ नावाचा हेत्वाभास (सदोष हेतू) तयार आहे. फवारणीवर बराच वाद झाला, कारण तो धूर मानायचा की नाही यावर एकमत होईना. ते तसंच सोडून दिलं.

मग मी सांगितलं की तिने काढलेली अडचण नैयायिकांना चांगली ठाऊक होती. ‘इथे धूर आहे, कारण इथे विस्तव आहे’ हे अनुमान ते फसलेल्या अनुमानाचा नमुना म्हणूनच देतात. त्यांचा दाखला लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा: आग आहे, धूर नाही. विस्तवाबरोबर धूर यायला आणखी एक अट लागते, ओलं इंधन. तिला ते ‘उपाधी’ म्हणतात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त, म्हणजे संस्कृत तर्कशास्त्र शिकणारी मुलं जिथून सुरुवात करतात त्या पुस्तकात, हे दिलेलं आहे.

“म्हणजे त्यांना माहीत होतं?” तिच्या आवाजात आनंदापेक्षा नाराजी जास्त होती. आपला शोध दुसऱ्याच्या नावावर निघाल्यावर कुणालाही होईल तशी. मग रसायनशास्त्र जागं झालं: ओलं लाकूड म्हणजे अपूर्ण ज्वलन, म्हणजे उपाधी हे कारणच झालं ना? मी म्हटलं, नैयायिक ज्वलनाबद्दल बोलत नाहीत, कशावरून काय म्हणता येईल याबद्दल बोलतात. तरी विचार कर. तो तास दहा मिनिटं लांबला, पुढच्या तासाचे सर दारात उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात चार्वाक आले. त्यांचा आक्षेप सरळ आहे: तुम्ही किती स्वयंपाकघरं पाहिलीत? गेलेल्या काळातली, येणाऱ्या काळातली, न पाहिलेल्या गावांतली? मग ‘जिथे जिथे’ हा शब्द कशाच्या जोरावर? याला दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराचा नैयायिक उदयन जे उत्तर देतो ते मुलांना फार आवडतं. शंकेला सीमा असते, आणि ती सीमा म्हणजे तुमचं स्वतःचं वागणं. धूर हवा असला की तुम्ही विस्तवच पेटवता, भूक लागली की जेवता. जे वागण्यात गृहीत धरता त्याच्यावर शंका घेणं हा स्वतःशीच व्याघात, म्हणजे विसंगती.

तिने लेखी कामासाठी विषय स्वतः काढला: उदयनाचं उत्तर देकार्तला लागू पडेल का?

पहिल्या खर्ड्यात उदयन जिंकला होता. देकार्त सगळ्यावर संशय घेतो आणि तरी शेकोटीजवळ बसतो, म्हणजे व्याघात झाला, संपला विषय. मी समासात एवढंच लिहिलं, “पहिल्या चिंतनाच्या शेवटाकडे देकार्त एक सवलत मागून घेतो. कोणती?” तिने शोधून काढली. देकार्त तिथे सांगतो की सध्या प्रश्न वागण्याचा नाही, फक्त ज्ञानाचा आहे, म्हणून अविश्वास कितीही ताणला तरी धोका नाही. त्याआधी १६३७ च्या पुस्तकात त्याने संशय चालू असेपर्यंत जगायचं कसं याचे तात्पुरते नियमही करून ठेवले होते. म्हणजे उदयनाचा बाण येणार हे जणू धरूनच त्याने वागणं बाजूला काढून ठेवलं आहे.

दुसऱ्या खर्ड्यात तिने असं मांडलं: अनुमान नाकारून अनुमानावरच जगणाऱ्या चार्वाकाला उदयन अडवतो, देकार्तला अडवू शकत नाही. याखाली, जरा वेगळ्या शाईत, बहुधा नंतर सुचलेलं: “पण जो संशय वागण्याला शिवतच नाही त्याला संशय म्हणायचं का?”

अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स याने १८६८ मध्ये देकार्तच्या विरोधात जवळपास हेच म्हटलं होतं: मनातून ज्यावर संशय नाही त्यावर कागदोपत्री संशय घेण्याचं सोंग करू नये. तिने पर्सचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी या वेळी लगेच सांगितलं नाही. तिचा तुराट्यांचा शोध एकदा दुसऱ्याच्या नावावर गेलेला होता. सत्र संपल्यावर सांगितलं.

हे सगळं तिने मराठीत लिहिलं. दोन वर्षं इंग्रजीत उत्तरं लिहिल्यामुळे सुरुवातीला ती अडखळली, पण मराठीत वाचायला साहित्य नाही ही नेहमीची तक्रार इथे खरी ठरली नाही. आमच्या ग्रंथालयात दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ आहे, १९७४ चा, तीन खंडांचा. मराठी विश्वकोशात तत्त्वज्ञ मे. पुं. रेग्यांच्या नोंदी आहेत आणि त्या मोबाइलवर फुकट वाचता येतात. रेग्यांची वाक्यं तिला आवडली. “ते ‘असं वाटतं’ लिहितच नाहीत,” हे तिचं निरीक्षण.

घरी

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी गेली. जेवताना वडील म्हणाले, शहरात ठेवलेल्या मुली हाताबाहेर जातात, अमक्याची गेली. तिने विचारलं, “पप्पा, उदाहरण एकच आहे. व्याप्ती कुठे आहे?” आणि पुढे उपाधीही समजावून सांगायला गेली.

पप्पा दोन दिवस बोलले नाहीत. आई म्हणाली, जास्तच शहाणी झालीस. तिसऱ्या दिवशी पप्पांनी विचारलं, “त्या विषयाला मार्क किती असतात?”

हे तिने मला हसत सांगितलं, पण फार हसत नाही. अशा टप्प्याबद्दल आम्ही प्राध्यापक मंडळी बोलत नाही. बोललोच तर कौतुकाने बोलतो, मुलं प्रश्न विचारायला लागली म्हणून. नवीन सुरी हातात आली की माणूस दिसेल ते कापून बघतो. मुलाने वडिलांना हेत्वाभास सांगितला तर घरात त्याचं कौतुक होतं, मुलीने सांगितला तर तिचं शिक्षण थांबायचा विषय निघू शकतो. हा फरक पुस्तकात नाही आणि वर्गात तो मला सांगावा लागतो. तिने स्वतः जी वाट काढली ती अशी: सुट्टीच्या शेवटी तिने वडिलांना विचारलं की तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते. ते अर्धा तास बोलले. त्यातलं काय पटलं आणि काय नाही, हे तिने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

परीक्षा आणि नंतर

नीतिशास्त्राच्या भागात रूळ आणि ट्रॉलीचा प्रसंग घेतला, तो घ्यावाच लागतो: बेफाम ट्रॉली पाच जणांवर चालली आहे, ती दुसऱ्या रुळावर वळवली तर तिथला एक मरेल, वळवायची का? फिलिपा फूट यांनी १९६७ मध्ये मांडलेला आणि पुढे जूडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी वाढवलेला हा पेच वर्ग हमखास पेटवतो. सगळे ओरडून बोलले. ती गप्प बसली होती. नंतर म्हणाली, यात सगळ्यांना आधीच सगळं माहीत असतं, पाच मरणार हे पण माहीत. शंकेला जागाच ठेवलेली नाही. मला हे बरोबर वाटतं. या प्रसंगावर जेवढा वेळ जातो तेवढा त्याने परत दिलेला मी पाहिलेला नाही.

सत्रअखेरीच्या परीक्षेत टिपा लिहायला आल्या: संशयपद्धती, व्याप्ती, चार्वाकमत. पेपर मी काढलेला नव्हता. परीक्षेनंतर ती कॉरिडॉरमध्ये भेटली. “सर, गुण-दोष-समारोप लिहून आले. थोर तत्त्वज्ञ पण लिहिलं.” चांगले गुण मिळाले तिला. लेखी कामात मी दिलेल्या गुणांपेक्षा टक्केवारीने जास्तच. एखाद्याला यात प्रकरणाचा पराभव दिसेल. मला तो दिसत नाही. तपासणाऱ्याला काय हवं आहे हे ओळखून तिने ते दिलं, आणि आपण काय करतो आहोत हे तिला माहीत होतं. पहिल्या चाचणीच्या वेळी ते माहीत नव्हतं. मात्र जी परीक्षा तेव्हाची आणि आताची अशा या दोन मुलींमध्ये फरक करू शकत नाही तिच्याबद्दल माझं काही चांगलं मत नाही.

दुसऱ्या सत्रात तिने ओपन इलेक्टिव्ह म्हणून वाणिज्य शाखेतला बँकिंगचा विषय घेतला. तत्त्वज्ञान पुढे शिकायचा तिचा विचार नाही, रसायनशास्त्रातच एम.एस्सी. करायचं आहे. ग्रंथालयातून रेग्यांचं एक पुस्तक मात्र तिच्या नावावर आहे आणि त्याची मुदत संपून गेली आहे.

मी पहिल्या चाचणीतून ‘चिकित्सा करा’ काढून टाकलं. आता प्रश्न असा असतो: ‘देकार्तकडून स्वप्नाचा दाखला काढून घेतला, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर त्याच्या संशयातून काय सुटेल?’ यंदाच्या बॅचमध्ये बहुतेकांनी पुन्हा १५९६ पासूनच सुरुवात केली. काही जणांनी ‘समोरच्या वस्तू सुटतील’ असं लिहिलं. बी.कॉम.च्या एका मुलाने दोनच ओळी लिहिल्या: काहीच सुटणार नाही, कारण सैतान वस्तूंबद्दलही फसवू शकतो, मग देकार्तने स्वप्न घातलंच कशाला, ते मला कळलेलं नाही. त्याला दहापैकी आठ दिले आणि पुढचा तास त्याच्या दुसऱ्या ओळीवर घेतला.